थीम पार्कच्या हॉटेलात खोली घेण्याआधी विचारायच्या गोष्टी

कापसाचे पैसे खात्यात पडले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात दोन चौकशा वाढतात, एक सोन्याच्या भावाची आणि दुसरी हैदराबादच्या ट्रिपची. मी गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला ही रोजची कामं. डिसेंबर लागला की त्यात रामोजी फिल्म सिटी, इमॅजिका असल्या ठिकाणच्या खोल्यांची भर पडते. माणूस येतो, स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "ताई, पोट्टे लय मांगं लागले. एक रूम करून द्या तिथची." एक रूम म्हणजे कोणती, हे त्याला सांगता येत नाही. वेबसाइटवर तर डिलक्स, सुपिरिअर, प्रीमियम, क्लब, फॅमिली, स्वीट (म्हणजे बैठकीसकट मोठी खोली) अशी रांगच लागलेली, आणि फोटो सगळीकडे तोच: पांढरी चादर, दोन उशा, वर टॉवेलचा हंस.

म्हणून मी आधी उलटं विचारते. त्या खोलीत तुम्ही जागेपणी किती वेळ असणार? समुद्रकिनारी हॉटेल घेतलं तर माणूस दुपारभर गॅलरीत बसेल. थीम पार्कला तसं नसतं. सकाळी पार्क उघडतं, संध्याकाळपर्यंत पायाचे तुकडे पडतात, परत येऊन चार घास खायचे आणि आडवं व्हायचं. खोली दिसते ती रात्री, तीही अर्ध्या डोळ्यांनी. तेव्हा पैसा खोलीच्या नावावर कमी घालायचा आणि झोप, संडास-न्हाणी, नाश्ता, रांग, सामान यांवर जास्त, असा माझा हिशेब आहे. 'पार्क व्ह्यू'ला मी सरळ नको म्हणते. दिवसभर ज्या पाळण्याखाली घाम गाळला तोच पाळणा रात्री खिडकीतून पाहायचे वेगळे पैसे कशाला? 'पूल व्ह्यू'चंही तेच. त्यात खोली तळमजल्यावर असली तर सकाळी उठल्यापासून लेकरांचा कल्ला ऐका.

आधी रस्ता, मग खोली

किती रात्री राहायचं आणि कोणत्या रात्री, हे खोलीच्या प्रकाराआधी ठरवा. आमच्या तालुक्याच्या गावाहून, पांढरकवड्याहून, ४४ नंबरचा हायवे धरला की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. रामोजी मात्र शहराच्या पलीकडे, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. शहरात शिरू नका. मेडचलकडून आउटर रिंग रोड पकडा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. पहाटे चारला निघालं तरी चहापाणी आणि लेकरांच्या उलट्या धरून दुपार होतेच. आता हे आवार गिनीज बुकात १,६६६ एकरांचा, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून नोंदलेलं. गेटातून आत न्यायला त्यांच्याच बसगाड्या. दुपारी पोचून त्याच दिवसाचं तिकीट फाडलं तर दोन सेट पाहून होतात न होतात तोच परतीची बस लागते. म्हणून पोचायच्या दिवशी फक्त खोली आणि फिरायचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं. राहण्याच्या पॅकेजमध्ये तिकीट येतं तिथे ते चेक-इनच्या दिवसाचं आहे की पुढच्या, हे बुकिंगच्या कागदावर लिहून मागा. तोंडी नको.

दुसरी रात्र घ्यावी का? घ्यावी, पण रिसॉर्टातच असं काही नाही. दिवसभर उन्हात फिरून रात्री साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणायची, हे मला पटत नाही. संध्याकाळी निघून मेडचल किंवा कामारेड्डीकडे वाटेत साधं लॉज घेतलं की माणसंही झोपतात आणि ड्रायव्हरही.

इमॅजिकाचं गणित वेगळं. ते खोपोलीजवळ, २०१३ साली सुरू झालेलं, आणि त्याला लागूनच नोव्होटेलचं हॉटेल आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाल्यापासून आमच्याकडचे काही जण गाडीने जातात. पण वर्ध्याहून किंवा धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसने गेलात तर भल्या पहाटे कल्याणला उतरता आणि तिथून कर्जत-खोपोलीकडे लोकल असते. म्हणजे सकाळीच तुम्ही हॉटेलच्या दारात, आणि खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. अशा वेळी पैसे भरून लवकर चेक-इन घ्यायची गरज सहसा नसते. रिसेप्शनला सामान ठेवून घेतात का आणि कपडे बदलायला, तोंड धुवायला जागा आहे का, एवढं विचारा. बहुतेक मोठ्या हॉटेलांत सामान फुकट ठेवतात. तुम्ही थेट पार्कमध्ये, संध्याकाळी खोलीत. निघायच्या दिवशीही तेच: बाराला खोली सोडली तरी पिशव्या तिथे राहू शकतात. वॉटर पार्कहून ओले आलात तर आंघोळ कुठे करायची, ते मात्र आधी विचारायला हवं.

आणि एक घोटाळा नेहमीचा. वंडरला या दुसऱ्या थीम पार्कचं नाव ऐकून लोक म्हणतात, तिथेच राहू. वंडरलाचं जुनं, नावाजलेलं रिसॉर्ट बंगळुरूजवळ बिडदीच्या पार्कला लागून आहे. हैदराबादचं वंडरला रिंग रोडवर रावीर्यालजवळ आहे. बुकिंग करताना शहराचं नाव दोनदा वाचा.

खोलीत कोण कोण झोपणार

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालते. माझ्याकडे येणारं घर साधारण असं असतं: नवरा-बायको, दोन लेकरं आणि आजी-आजोबा. सहा माणसं. ते म्हणतात, "एक मोठी रूम घ्या ना ताई, सगळे एकाजागी राहू." घरी वाड्यात सगळे एकाजागी राहतातच, पण घरी न्हाणी वेगळी, संडास वेगळा आणि मागचं अंगण वेगळं. हॉटेलच्या मोठ्या स्वीटलाही पुष्कळदा बाथरूम एकच असतं. सकाळी साडेसातला नाश्ता, नऊला पार्कचं दार आणि एका बाथरूमला सहा माणसं. आजोबांना आत पाऊण तास लागतो, हे ते कोणालाच सांगत नाहीत.

म्हणून माझा कौल सहा माणसांना दोन साध्या खोल्यांना. त्यातही 'इंटरकनेक्टिंग' मागा. म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार असतं, ते उघडलं की घर एकच. 'शेजारच्या खोल्या' हे वेगळं प्रकरण, तिथे पॅसेजमधून जावं लागतं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाला एका हॉटेलात फोनवर इंटरकनेक्टिंग कबूल केल्या आणि प्रत्यक्ष मिळाल्या एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्या. रिसेप्शनवरचं उत्तर ठरलेलं: "रिक्वेस्ट होती, कन्फर्म नव्हती." तेव्हा बुकिंगवर 'कन्फर्म' हा शब्द आला का, ते बघा.

पैशाच्या हिशेबातही दोन खोल्या नेहमी महाग पडतात असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. समजा फॅमिली स्वीट १२,००० रुपयांना आहे. त्यावर १८ टक्के म्हणजे २,१६०, एकूण १४,१६०. दोन साध्या खोल्या ६,५०० प्रमाणे १३,००० च्या, त्यावर ५ टक्के म्हणजे ६५०, एकूण १३,६५०. वर दिसणारा आकडा हजाराने जास्त आणि हातातून जाणारे पैसे पाचशे दहाने कमी, शिवाय बाथरूम दोन. एकाच खोलीचं बघायचं तर ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला जवळजवळ बाराशे. साडेसात हजाराच्या थोडं वरची खोली दिसली की मी आधी तिच्या खालची शोधते. एक्स्ट्रा बेडचे पैसे मिळवून भाडं ती रेघ ओलांडतं का, तेही विचारते.

लेकरांचं वय खरं सांगा. एसटीत पाच ते बाराला अर्धं तिकीट, सगळ्या महाराष्ट्रात एकच माप. हॉटेलात तसं नाही. कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत, पुढे मोठ्या माणसाचा दर. "लिहा ना आठ वर्षं, कोण पाहते" असं म्हणणारे असतात. आधार कार्डावर जन्मतारीख असते आणि काउंटरवरची मुलगी तीच पाहते. शिवाय वंडरलासारख्या पार्कात मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. एकच पोरगं हॉटेलात लहान आणि गेटवर मोठं ठरू शकतं. घरून निघायच्या आधी दाराच्या चौकटीला उभं करून टेपाने सेंटीमीटर मोजा. मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. पोरगं रडायचंच असेल तर घरी रडलेलं बरं, दीड तास रांगेत उभं राहून नको.

आता आजी. लग्नाला चालतील अशा गुडघ्यांनी पार्क चालत नाही. पॅकेज माणशी असतं, त्यात आजीचं पार्कचं तिकीट धरलेलं असतं, आणि आजी दिवसभर बाकावर बसून पिशव्या राखते. आजीला पार्कमध्ये जायचंच नसेल तर तिच्यापुरतं नुसतं राहणं-खाणं लावता येईल का, आणि जायचं असेल तर पार्कला ज्येष्ठांचं वेगळं तिकीट आहे का, हे दोन्ही विचारा. मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. व्हीलचेअर मिळते का आणि तिचे पैसे पडतात का, तेही त्याच फोनवर.

खोलीच्या आतलं

नावावर जाऊ नका. एका हॉटेलचं 'डिलक्स' दुसऱ्याच्या सगळ्यात खालच्या खोलीएवढं असतं. तीन गोष्टी विचारल्या की नाव कळायची गरज उरत नाही: खोली किती चौरस फूट, पलंग कोणता, आणि जास्तीत जास्त किती माणसं. पलंगात 'किंग' म्हणजे एक मोठा, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. आजी-आजोबांना मी ट्विन घेते. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे कुठे चाकाचा पलंग, कुठे खाली टाकलेली गादी. गादी असेल तर लेकरांना मजा, पण आजोबांना त्यावरून उठता येणार नाही.

बाथरूमबद्दल मात्र बारकाईने विचारा, कारण फोटोत ते दिसत नाही. नव्या धाटणीच्या रिसॉर्टांत पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच असते. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला ते चालत असेल. सासरे त्याच खोलीत झोपलेले असताना सुनेने आत कसं जायचं? आतून पडदा किंवा ब्लाइंड आहे का, हे मी फोनवर विचारते, आणि पलीकडचा माणूस आधी थोडा गप्प होतो. मग म्हणतो, "आहे मॅडम." मग मी विचारते, "ओढणारी दोरी आतून आहे की बाहेरून?" हसू नका. दोरी बाहेर असते अशा ठिकाणी पोरं काय करतात ते ज्याने पाहिलं त्याला विचारा.

दुसरं टबाचं. बाथटब पाहून पोरं खूश होतात, पण त्याची कड गुडघ्याएवढी उंच आणि आतला तळ गुळगुळीत. लुगडं सावरत त्यात पाय टाकणाऱ्या बाईला धरायला काही नसतं. घरात म्हातारं माणूस असेल तर टब नको, सपाट फरशीचा शॉवर हवा, असं स्पष्ट सांगा. बादली-मग मागितला की देतात, लाजायचं काही नाही. कमोड सगळीकडे असतोच, देशी संडास मिळणार नाही असं धरूनच चला. लिफ्ट किती दूर, हे विचारायचं राहू नये. पार्कमधून परतल्यावर लांबलचक पॅसेज संपता संपत नाही.

चार अक्षरी जेवण

दरापुढे ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत दोन्ही जेवणं. शेतकरी माणसाला एपी आवडतं, सगळं एकदम आटोपलं, रोज खिशात हात नको. थीम पार्कला मात्र एपी घेऊ नका. दुपारी तुम्ही पार्कमध्ये असता, जेवायला हॉटेलवर येणार नाही, आणि बाहेरचे डबे पार्कमध्ये नेऊ देत नाहीत. म्हणजे दुपारचे पैसे दोनदा. हॉटेल तेच जेवण पार्कच्या आत देत असेल तर गोष्ट वेगळी, ते विचारून घ्या.

नाश्ता घ्याच, आणि तो किती वाजता सुरू होतो ते विचारा. नऊला पार्क उघडत असेल आणि नाश्ता साडेआठला लागत असेल तर तो अर्धा खाऊनच पळावं लागतं. रात्रीच्या जेवणाचं ठिकाणावर आहे. रामोजीसारख्या मोठ्या आवारात किंवा खोपोली-पालीच्या रस्त्यावर रात्री आजूबाजूला टपरी शोधत फिरायची सोय नसते, तिथे म्हातारी माणसं बरोबर असतील तर एमएपी बरं. फक्त हे माहीत असू द्या: ज्या हॉटेलात आदल्या वर्षी ७,५०० च्या वरच्या दराने खोली गेली असेल तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या हॉटेलात तो ५ असतो. खोलीत मागवलेला एक चहा आणि एक भजीची प्लेट हे रिसॉर्टच्या बिलातलं सगळ्यात महाग भजं. किटलीत पाणी उकळून स्वतः चहा करा. दुधाच्या पुड्या कमी पडतात म्हणून आमच्याकडच्या बाया घरूनच दूध पावडर नेतात.

कोणती सवलत खरी

व्यापारी कापसाला कट्टी, म्हणजे कपात, लावतो तेव्हा आपण विचारतोच, ओलाव्याची किती, कचऱ्याची किती. पॅकेजही असंच सोडवून मागायचं: खोलीचे किती, पार्कच्या तिकिटाचे किती, जेवणाचे किती, कर किती. सोडवून मिळालं की पार्कचं तिकीट वेगळं ऑनलाइन घेतलं तर किती पडतं ते शेजारी लिहा. पुष्कळदा पॅकेज स्वस्त निघतं. पण आजीचं तिकीट नको असेल किंवा पोरगं फुकटाच्या उंचीत बसत असेल तर चित्र बदलतं.

सवलतींमध्ये माझ्या मते पहिली किंमत रांग वाचवणाऱ्या गोष्टीला. मोठ्या पाळण्यांना गर्दीच्या दिवशी तास-तास जातात. इमॅजिका, वंडरला दोन्हीकडे रांगेतून पुढे नेणारा वेगळा पास पैसे भरून मिळतो. हॉटेलच्या खोलीबरोबर तो मिळत असेल तर थोडी महाग खोलीही परवडते. अमेरिकेत हे नीट बांधून ठेवलंय. आमच्या भागातली काही पोरं तिकडे नोकरीला आहेत आणि आई-बापांना बोलावतात, म्हणून सांगते. ऑर्लँडोला युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरलं की खोलीतल्या प्रत्येकाला युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कांत रांग टाळायचा पास मिळतो, तोही चेक-इनच्या दिवसापासून चेक-आउटच्या दिवसापर्यंत. एक रात्र घेतली की दोन दिवस. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्याच पार्कमध्ये मात्र तो चालत नाही. तिथल्याच डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना पार्क अर्धा तास आधी उघडतात, आणि रात्री उशिरापर्यंतचे खास तास फक्त वरच्या दर्जाच्या हॉटेलवाल्यांना. अशा ठिकाणी महाग खोलीचे पैसे कशासाठी जातात ते कळतं. आपल्याकडे खोली महाग होते तेव्हा बरेचदा सोफा वाढतो आणि फळांची टोपली येते. ती फळं आपल्याच बाजारात किलोने मिळतात.

लवकर प्रवेश, रांगेचा पास, हॉटेल ते गेट गाडी, नाश्ता, उशिरा चेक-आउट, सामान ठेवणं: या क्रमाने मी सवलतींना भाव देते. स्पा, जिम, वेलकम ड्रिंक, 'कॉम्प्लिमेंटरी वायफाय' यांना काहीच नाही. पूल फुकट असतो, पण सुती कपड्यांत उतरू देत नाहीत, नायलॉनचेच हवेत. वॉटर पार्कलाही तोच नियम. तिथे भाड्याने घेण्यापेक्षा यवतमाळहून किंवा पांढरकवड्याच्या बाजारातून आधीच घ्या. बायकांनी अंगभर मिळणारे बघा, मिळतात.

रामोजीला एकाच आवारात वेगवेगळ्या खिशाची हॉटेलं आहेत. सितारा सगळ्यात वरचं, तारा मधलं, शांतिनिकेतन त्याहून साधं, आणि शाळेच्या सहली किंवा मोठा गट असेल तर सहारा. मी बहुतेकांना ताराच्या आसपासचं सुचवते. सिताराचे जास्तीचे पैसे ज्या गोष्टींना जातात त्या वापरायला दिवसच मोकळा नसतो. लग्नाचा पहिला वाढदिवस वगैरे असेल आणि दोन दिवस निवांत राहायचं असेल तर खुशाल सितारा घ्या.

केव्हा जायचं

शनिवार-रविवारचे दर चढे, मधल्या वारांचे उतरलेले, हे सगळ्यांना माहीत आहे. विदर्भाला आणखी एक फट मिळते. राज्यातल्या बाकी शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेलंगणातल्या त्याच्याही जरा आधी, आणि आपल्याकडे उन्हामुळे उशिरा. त्या मधल्या दिवसांत मुंबई, पुणे, हैदराबादची पोरं वर्गात असतात आणि आपली मोकळी. गर्दी कमी, दर नरम. अडचण एवढीच की तेव्हाच मृग लागलेला असतो आणि पेरणी डोक्यावर. नोकरीवाल्यांना ही फट लाभते, शेतीवाल्यांना नाही. शिवाय खोपोलीकडे तेव्हा कोकणचा पाऊस सुरू, जोरात आला की उघड्यावरचे पाळणे थांबवतात.

शेतकऱ्यांना मी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी सांगते. कापूस बराचसा विकून झालेला, हवा बरी. पण हैदराबादला संक्रांतीचा आठवडा टाळा, तिकडे तो मोठा सण, शाळांना सुट्ट्या. दसऱ्याच्या आसपासही तसंच.

बुकिंग करताना दोन दर दिसतात, एक स्वस्त पण पैसे परत न मिळणारा, दुसरा थोडा महाग पण रद्द करता येणारा. आमच्या लोकांना मी दुसराच घेऊन देते. वेचणीच्या बाया कधी मिळतील, गाडा जिनिंगला कधी लागेल, याचा भरवसा नसतो. रद्द करायची शेवटची तारीख मी मोबाइलमध्ये गजर लावून ठेवते.

पैसे भरताना आणि निघताना

गुगलवर हॉटेलचं नाव टाकून वर जो नंबर येतो तो हॉटेलचाच असतो असं धरू नका. खोटे नंबर लावून बसलेले लोक असतात, गोड बोलतात, मराठीतही बोलतात, आणि "आज अर्धे भरा, तीस टक्के सूट" म्हणत कुणाच्या तरी नावाचा क्यूआर पाठवतात. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता माणसाचं नाव आलं की तिथेच थांबा. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन नंबर घ्या आणि बुकिंग क्रमांक सांगून खोली खरंच लागली आहे का ते विचारा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

चेक-इनला बरीच हॉटेलं अनामत मागतात. कार्ड नसेल तर यूपीआय किंवा रोख चालते का, आणि परत किती दिवसांत येते, हे आधी विचारा. फ्रिजमधल्या बाटल्या, चॉकलेटं फुकट नसतात. पोरांना दाराशीच सांगा. मोठ्या प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र हवं. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते बरेचदा घेत नाहीत.

शेवटचं ड्रायव्हरचं. आमच्याकडे बहुतेक जण भाड्याची गाडी करून जातात, आणि खोल्या ठरवताना तो कुठे झोपणार हे कोणी विचारत नाही. मोठ्या रिसॉर्टांत काही ठिकाणी ड्रायव्हरसाठी वेगळी डॉर्मिटरी आणि वेगळं जेवण असतं, काही ठिकाणी काहीच नसतं. नसेल तर जवळच्या लॉजचे पैसे भाडं ठरवतानाच त्यात धरा. तो गाडीत झोपला तर दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच ड्रायव्हर आणि मागे तुमची सहा माणसं आहेत. मी आता बुकिंगच्या वहीत प्रवाशांच्या नावांखाली एक ओळ त्याच्यासाठीच सोडते.